न मोजलेला महिना

मंगळवार, १७ ऑगस्ट १९९३. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि खारजुई गावात त्या घटकेला गरोदर बायका चौदा होत्या. नर्स अनिताबाईंच्या वहीत मात्र नावे तेरा होती. चौदावे नाव ज्या घरात अडले होते, त्या घराचा कर्ता दाजी त्या वेळी खाडीच्या बांधावर, उघाडीच्या तोंडाशी उकिडवा बसून मोजपट्टीवरचे पाणी वाचत होता.

उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातला दरवाजा. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू द्यायचे नाही आणि ओहोटीला शेतातले पाणी खाडीत उतरवायचे, एवढेच तिचे काम. पण तिच्या फळ्या तासभर उशिरा पडल्या तर गावाचे भात खाऱ्या पाण्याखाली जाते. दाजीने तरुणपणी तंत्रशाळेत फिटरचे शिक्षण घेतले होते, सव्वीस वर्षे रोह्याच्या एका कारखान्यात काढली होती, आणि निवृत्त होऊन पेणच्या खारेपाटातल्या आपल्या गावी परतल्यावर गावकऱ्यांनी एकमताने उघाडी त्याच्या हवाली केली होती. तेव्हापासून प्रत्येक अमावास्येचे आणि पौर्णिमेचे उधाण त्याच्या वहीत तिथी, वेळ आणि उंचीसह उतरत असे. होडीवाला मोरू घड्याळ वापरत नसे. तो दाजीला विचारी. गावात कोणी एखादी गोष्ट शपथेवर सांगू लागले, की ऐकणारा म्हणे, "दाजीनं लिवलंय का? मग खरं."

अनिताबाई बांधावरून चपला हातात घेऊन चालत आल्या. दर महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी त्या खाडी ओलांडून येत, शाळेच्या ओसरीवर वजनकाटा टांगत, पोरांना टोचत आणि गरोदर बायकांना तपासत.

"दाजी, पाणी झालं असेल मोजून, तर एक माणूस मोजायचं राहिलंय," त्या म्हणाल्या.

"कंचं माणूस?"

"तुमची सून. सगळ्या गावाला दिसतंय, फक्त माझ्या वहीला दिसत नाही."

दाजी हसला आणि पट्टीकडे पाहू लागला. "बाई, आमच्या घराची रीत तुम्हाला ठाऊक हाय. पहिली खेप हाय पोरीची. ओटी भरल्याबिगर वहीत नाव लिवत नाय."

"तुम्ही तर रोज वही लिहिता!"

"पाण्याची लिवतो. पाण्याला दृष्ट लागत नाय."

"मग भरा की ओटी. सातवा लागला ना?"

"भरतो. पंधरा दिवसांत भरतो. ओटी झाली की पहिलं नाव तुमच्याच वहीत."

अनिताबाईंना आणखी दोन वाड्या करायच्या होत्या. "धनुर्वाताची दोन इंजेक्शनं लागतात, दाजी, आणि दोहोंत महिन्याचं अंतर लागतं," एवढे बजावून त्या निघाल्या. पाणी पुरते भरल्यावर दाजीने वहीत लिहिले : श्रावण अमावास्या, दुपारी बारा पंचावन्न, अकरा फूट दोन इंच.

घरी जेवताना त्याने विषय काढला. त्याच्या बायकोने, काशीबाईने, भात वाढायचे थांबवले.

"पंधरा दिवसांत? उद्यापासून धोंडा लागतोय. अधिकात ओटी भरतात व्हय? काय बोलता काय?"

"मग आजच..."

"आज अवस!"

शेजारची गिरजाबाई उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होती. गावातली निम्मी पोरे तिच्या हातावर आली होती आणि तिची जीभ कोणालाच घाबरत नसे. "बघा गो रीत," ती म्हणाली. "धोंड्यात जावयाला अनारसे गिळायला बोलावतात, तेव्हा महिना चांगला. लेकीची ओटी म्हटली की महिना वाईट."

"तू गप गो," काशीबाई म्हणाली. पण तिच्या आवाजातले हसू लगेच विरले, आणि का विरले ते दाजीला ठाऊक होते. बत्तीस वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या खेपेला तो स्वतःच हौसेने तिला पेणच्या दवाखान्यात घेऊन गेला होता. चौथ्या महिन्यात नाव लिहिले आणि पाचव्यात सारे संपले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, हे त्याला शिकलेल्या माणसासारखे कळत होते. पण त्या रात्रीनंतर काशीबाईला तसे सांगण्याचा धीर त्याला कधी झाला नव्हता. म्हणून घराची रीत म्हणून जी गावाला ठाऊक होती, ती खरे तर काशीबाईची भीती होती, आणि दाजीने तिला रीतीचे नाव लावून दिले होते.

सून शांती रोह्याजवळच्या निडीची. बोलायला कमी, कामाला चटपटीत. तिचा नवरा सुजय रोह्यातच कंपनीत शिफ्टवर जाई आणि आठवड्याला घरी येई. तिला यातले काय वाटते, हे कोणी विचारले नाही. ती मागच्या दारी भांडी घासत होती आणि सगळे ऐकत होती.

धोंडा सरला. लगेच गौरी-गणपती आले. घरात पाहुणे, अंगणात फुगड्या, सुजयला रजा नाही. ते दहा दिवस कसे गेले कळलेच नाही. अनंत चतुर्दशीला भावकीचे गणपती खाडीत गेले आणि पाठोपाठ पितृपक्ष लागला. पितृपक्षात ओटी कोण भरणार? काशीबाईने बोटांवर मोजले आणि नवरात्र धरले.

"उशीर नाय होत?" दाजीने विचारले.

"कसला उशीर? माघाच्या पुनवेनंतर राहिली. फागुन एक, चैत दोन, वैशाख तीन, जेठ चार, आखाड पाच, श्रावण सहा, भादवा सात. आश्विनाला आठवा. सातव्यात नाय तं आठव्यात."

"आणि धोंडा?"

"धोंडा कुणी जमेत धरतं होय? तो मळमास. त्यात ना लग्न, ना मुंज."

ती इतक्या खात्रीने बोलली, की दाजीने मान डोलावली. बायकांच्या मोजणीत पुरुषाने बोट घालू नये, असेही त्याला वाटले. तो उघाडीवर गेला. अधिक भाद्रपदाची पौर्णिमा आणि अमावास्या, दोन्ही उधाणे त्याच्या वहीत नीट लिहिलेली होती.

मधल्या मंगळवारी अनिताबाई दारावरून गेल्या होत्या. शांती दाराआड सूप घेऊन उभी राहिली. बाईंनी आत न येता मोठ्याने सांगितले, "गोळ्या उंबऱ्यावर ठेवते. वहीत लिहीत नाही. रोज एक." काशीबाईने ती पुडी उचलून कोनाड्यात ठेवली. लोहाच्या गोळ्यांनी पोर काळे होते, असे तिला कोणीतरी सांगितले होते. दाजी रोज सकाळी त्याच कोनाड्यातून आपला चष्मा घेई. पुडी होती तशी होती. त्याला ती दिसत होती.

सोमवारी, १८ ऑक्टोबरला, ओटी थाटात झाली. हिरवी साडी, फुलांच्या वेण्या, पाच सवाष्णी, ओल्या नारळाच्या करंज्या. शांती पाटावर बसली तेव्हा तिला खाली वाकता येईना. गिरजाबाईने तिच्या पोटावरून हात फिरवला आणि भुवया उंचावल्या.

"काशे, हा आठवा? मला तं भरत आल्यावानी लागतंय."

"आमच्याकडची पोरं अंगानं थोराडच असतात," काशीबाई म्हणाली. "सुजय नव्हता? तुझ्याच हातावर आला ना?"

"तो आलाता वेळेवर," गिरजाबाई म्हणाली. पण तेवढ्यात कोणी उखाण्याचा आग्रह धरला, आणि बोलणे हसण्यात बुडाले.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या मंगळवारी, शांती प्रथमच शाळेच्या ओसरीवर गेली. काशीबाई बरोबर होती आणि दाजीही मुद्दाम सोबत गेला. दिलेला शब्द पाळल्याचे त्याला समाधान होते. पडद्यामागे अनिताबाईंनी तिचा रक्तदाब घेतला, पायावर अंगठा दाबून पाहिला, पोटावर फीत लावली.

"एकशे तीसवर नव्वद. जरा वर आहे. पायाला सूज केव्हापासून?"

"झाले आठ-दहा दिवस."

"शेवटची पाळी कधी आली होती, शांती? आठवून सांग."

शांतीने क्षणभर सासूकडे पाहिले. "शिवरात्रीच्या आधी..."

"तिला काय ठावं, बाई," काशीबाई मध्येच म्हणाली. "पहिलीच खेप. आठवा लागलाय. विचारा यांना."

अनिताबाईंनी पडदा बाजूला करून बाहेर पाहिले. "दाजी, पोट मला मोठं वाटतं. महिना कितवा धरू?"

ओसरीवर पंधरा-वीस माणसे होती. सगळ्यांसमोर सुनेच्या पाळीचे बोलायचे म्हणजे दाजीला मान वर करवेना. त्याने बांधाकडे पाहत, उधाणाची वेळ सांगावी तशा आवाजात सांगितले, "आठवा चालू. कार्तिकाच्या अखेरीस दिवस भरतात."

"नक्की?"

मोरू होडीवाला खांबाला टेकून उभा होता. "बाई, दाजीचा हिशेब हाय," तो म्हणाला. "यात इंचाचा फरक नाय."

लोक हसले. अनिताबाईही हसल्या आणि वहीत लिहिले : अपेक्षित तारीख १० डिसेंबर. मग धनुर्वाताचे पहिले इंजेक्शन दिले, गोळ्या पुन्हा दिल्या, आणि बजावले, "मीठ कमी. पेणला डॉक्टरीणबाईंना एकदा दाखवून आणा. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारलं, तर त्याच दिवशी यायचं. आणि नववा लागला की खाडीच्या या बाजूला राहायचं नाही. दवाखान्याजवळ राहायचं."

"भाऊबीजेला तिचा भाऊ येतोय न्यायला," दाजी म्हणाला. "निडीहून रोह्याचा दवाखाना जवळ. नवव्याच्या तोंडावर पोचते."

भाऊबीज १५ नोव्हेंबरला होती. सारे जागच्या जागी बसत होते. पेणला दाखवायचे तेवढे राहिले. भात कापणीला आले होते आणि घरात कोणाला सवड नव्हती.

बुधवारी, १० नोव्हेंबरला सकाळी, दाजी पडवीत वही उघडून बसला. बांध समितीला दिवाळीपूर्वी वर्षातल्या उधाणांचा तक्ता द्यायचा असे. त्याने रेघा आखल्या आणि माघी पौर्णिमेपासून एकेक पौर्णिमा खाली उतरवू लागला. फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, अधिक भाद्रपद, निज भाद्रपद, आश्विन. नऊ.

त्याने पेन्सिल ठेवली आणि पुन्हा मोजले. नऊ. माघानंतर खाडीला नऊ पौर्णिमांचे उधाण आले होते. खाडी मळमास पाळत नाही, हे गावात त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? धोंड्यातले पाणी त्याने पावणेअकरा फुटांवर मोजले होते, आणि त्याच धोंड्यात त्याच्या सुनेच्या पोटातले मूल वाढले नाही, असे तो गेले तीन महिने धरून चालला होता. त्याने कॅलेंडर काढून दिवस मोजले. नऊ महिने होऊन गेले होते. दिवस डिसेंबरात नव्हे, याच आठवड्यात भरत होते.

आत चकलीचे तेल तापले होते. शांती भिंतीला टेकून पिठाचा गोळा मळत होती, आणि काशीबाई तिला म्हणत होती, "काय गो, डोळे काय चोळतेस?"

"डोकं दुखतंय, आई. कालपासून. डोळ्यांपुढं चिलटं उडतात."

"धुरानं. जा, पडवीत बस वाऱ्याला."

दाजी उठला. वही हातात घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. सांगायचे वाक्य अगदी साधे होते : आपली मोजणी एका महिन्याने चुकली आहे, हिला आजच पेणला नेऊ. भरती दहाला होती. मोरूची होडी धक्क्याला होती. पण हे वाक्य बोलायचे म्हणजे सुनेच्या देखत तिच्या पाळीचा हिशेब मांडायचा. पुढे ओसरीवर, सगळ्या गावासमोर, मोरूसमोर, दाजीने आठवा सांगितला तेव्हा नववा होता, हे कबूल करायचे. आणि काशीबाईला सांगायचे, की तुझ्या भीतीपायी आपण तीन महिने घालवले.

"काय?" काशीबाईने झारा थांबवून विचारले.

"काय नाय," तो म्हणाला. "उघाडीवर जाऊन येतो."

वाटेने त्याने स्वतःची समजूत घातली. पहिलटकरणीला चार-आठ दिवस पुढेच जातात. पाच दिवसांनी भाऊ येतो आहे. आणि सोळाला तिसरा मंगळवार. अनिताबाईंना बाजूला घेऊन हळूच सांगता येईल. प्रत्येक मुद्दा स्वतंत्रपणे घेतला तर बरोबर होता. गुरुवारीही तो दोनदा दारापर्यंत गेला आणि दोनदा परतला.

शुक्रवारी, १२ नोव्हेंबरला, सकाळी सहाला पाच कमी असताना काशीबाईची किंकाळी ऐकू आली. शांती चुलीजवळ आडवी पडली होती. तिचे दात घट्ट मिटले होते आणि हातपाय झटके देत होते. गिरजाबाई धावत आली, तिने दातांत पदराचा बोळा द्यायला पाहिले, आणि मग हात मागे घेतला. "हे माझं काम नाय," ती म्हणाली. "उचला हिला. पेणला न्या."

चार जणांनी खाटेसकट उचलून तिला बांधावरून धक्क्यावर आणले. मोरू होडीपाशी उभा होता, पण होडी चिखलात बसली होती. ऐन ओहोटी होती. समोर पाऊण मैल काळा, ओला गाळ पसरला होता आणि मधोमध पाण्याची एक अरुंद रेघ होती.

"दाजी, पाणी केव्हा लागंल?" मोरूने विचारले.

दाजीला वही उघडावी लागली नाही. "आठ वाजून दहा मिनिटांनी होडी तरंगंल," तो म्हणाला.

"दोन तास?"

"दोन तास."

या दोन तासांत शांतीला आणखी दोन झटके आले. काशीबाई तिचे डोके मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या कानाशी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आठवा हाय गो, आठवा, अजून वेळ हाय, तू घाबरू नको." दाजी तीन पावलांवर उभा होता. ते शब्द त्याला ऐकवेनात, आणि तरीही तिथून हलता येईना. आठ वाजून दहा मिनिटांनी होडी तरंगली.

पलीकडे भाताच्या टेम्पोत गाद्या घातल्या गेल्या. पेणच्या दवाखान्यात पोहोचायला साडेनऊ वाजले. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला आणि त्या नर्सला काहीतरी भराभर सांगू लागल्या. मग वळून त्यांनी विचारले, "महिना कितवा?"

"आठवा," काशीबाई म्हणाली.

"नववा," दाजी म्हणाला. "नऊ पुरे झालेत. चार दिवस वर."

काशीबाईने त्याच्याकडे पाहिले. पुढे बरीच वर्षे दाजीला त्या दिवसातले दुसरे काही आठवले नाही तरी ती नजर आठवत राहिली.

दुपारी दीडच्या सुमारास सांगण्यात आले, की आई वाचेल. शुद्धीवर यायला वेळ लागेल. मुलाचे ठोके आल्यापासूनच नव्हते. डॉक्टरीणबाई चिडलेल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "हे आठव्याचं मूल नाही हो," त्या म्हणाल्या. "पूर्ण वाढ झालेली आहे. दोन दिवस आधी आणली असती, तर मी त्याच दिवशी बाळंतपण केलं असतं." दोन दिवस, हे त्यांनी अंदाजाने म्हटले होते.

निरोप मिळून अनिताबाई तीन वाजता आल्या. त्या व्हरांड्यात दाजीशेजारी बाकावर बसल्या. पिशवीतून त्यांची वही डोकावत होती.

"माझंच चुकलं, दाजी," त्या म्हणाल्या. "फीत लावली होती मी. पोट मोठं दिसलं होतं. मी शांतीला एकटीला विचारायला हवं होतं. तुमचा आकडा म्हणून मी पुढे विचारलं नाही."

"आकडा काशीचा होता," दाजी म्हणाला, आणि लगेच मान हलवली. "नाय. असं नाय म्हणायचं मला. आकडा कुणाचाही असो. बुधवारी मला कळला होता."

"काय कळलं होतं?"

"धोंडा धरला नव्हता आम्ही. बुधवारी वही लिवताना ध्यानात आलं. दिवस भरलेले. पोरीचं डोकं दुखत होतं, तेही ऐकलं मी. भरती दहाला होती. मी दारापर्यंत गेलो, बाई."

"मग?"

"सासऱ्यानं असलं कसं बोलायचं, म्हणून गप राहिलो. तुम्हाला मंगळवारी सांगणार होतो."

अनिताबाई रागावतील, असे त्याला वाटले होते, आणि त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी फक्त डोळे पुसले आणि विचारले, "शांतीला सांगणार आहात?"

"तिलाच आधी सांगायला हवं होतं," दाजी म्हणाला. "शुद्धीवर आली की सांगतो. काशीदेखत. सुजयदेखत."

सुजय कंपनीतून निघाला होता. रोह्याची गाडी यायला अवकाश होता. तेवढ्यात कारकुनाने खिडकीतून हाक मारली. नोंदीचा कागद भरायचा होता आणि घरच्या माणसाची सही हवी होती. दाजी खिडकीपाशी गेला. कारकून वाचत गेला आणि दाजी उत्तरे देत गेला. आईचे नाव. वय बावीस. गाव खारजुई. खेप पहिली. गरोदरपणातल्या तपासण्या?

"एक," दाजी म्हणाला.

कारकुनाने बाकीचे रकाने आतून आलेल्या चिठ्ठीवरून उतरवले आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला. दाजीने चष्मा लावला आणि सही करण्यापूर्वी, सवयीप्रमाणे, शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मुलगी. मृत जन्म. वजन दोन किलो सातशे ग्रॅम.